मनूची वही: घरी मराठी बोलणं-वाचणं, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

आम्ही कराडला राहतो, मनू आमची मुलगी. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, मनूची आई दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत असतात. माझी आई आमच्याकडेच असते. मनू चार वर्षांची झाली आणि इंग्रजी माध्यमाच्या ज्युनियर केजीत जायला लागली. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय, पण ते पहिलीपासून. तोवरची दोन वर्षं मराठीचं जे काय होईल ते घरातच, म्हणून हे काम हाती घेतलं. दुकान रविवारी बंद असतं, त्यामुळे बहुतेक नोंदी रविवारच्या आहेत. जे चुकलं तेही तसंच ठेवलंय, कारण दुकानात येणारे आईबाप माझ्यासारखीच सुरुवात करताना दिसतात.

१६ जून २०२४

मुळाक्षरांचा तक्ता आणला, ६० रुपये. स्वयंपाकघराच्या दाराला मनूच्या उंचीवर चिकटवला. रोज पाच अक्षरं घ्यायची, दहा दिवसांत तक्ता पुरा, असा हिशेब केला. पहिल्या दिवशी अ ते उ झालं. ती आनंदाने म्हणते.

३० जून

चौदा दिवसांत ती तक्ता पाठ म्हणायला लागली. म्हटलं, जमलं. मग मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवून विचारलं तर तिने ‘अननस’पासून सुरुवात केली आणि तिथवर म्हणत आली. ‘ग’ दाखवला की ‘गणपती’ म्हणते, पण गणपतीचं चित्र झाकलं की गप्प. म्हणजे ती चित्रं ओळखत होती, अक्षरं नाही. शिवाय ङ आणि ञ ला दाखवायला काहीच नाही, आणि ण, ळ ला ‘बाण’, ‘बाळ’. तिने विचारलं, “बाळ तर ब चं ना?” बरोबरच विचारलं तिने.

याच पंधरवड्यात अक्षरं गिरवायचं एक ॲप वर्षाचे ३९९ रुपये भरून घेतलं. बरोबर झालं की त्यात टाळ्या वाजतात. टाळ्यांसाठी ती कुठेही बोट फिरवते. चार दिवसांनी काढून टाकलं.

१४ जुलै

तक्त्याकडे नेलं की मनू आता पळते. मधे एकदा रडलीही. थांबलो.

दुकानात एक निवृत्त बालवाडी शिक्षिका झेरॉक्सला येतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अक्षरांबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, “संध्याकाळी तुम्ही तिच्याशी काय बोलता, ते एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका.”

शुक्रवारी दुकानातून आल्यापासून जेवण होईपर्यंत, चाळीस मिनिटं, मोबाइल कपाटावर ठेवला. रात्री ऐकत एकेक वाक्य कागदावर मोजलं. मनूला उद्देशून माझी ३१ वाक्यं होती. त्यातली २४ हुकूम होते किंवा एका शब्दात उत्तर संपेल असे प्रश्न. हात धू. नीट बस. हे काय? हा रंग कोणता? झालं का? तिचं सगळ्यात लांब वाक्य सहा शब्दांचं होतं, आणि ते तिने आज्जीला सांगितलं होतं.

हे ऐकल्यावर मला झोप लागली नाही. आपण मुलीशी खूप बोलतो असंच मी समजत होतो. जिच्या तोंडी वाक्यच येत नाही तिच्यापुढे मी अक्षरं ठेवत होतो. तक्ता उतरवला.

२८ जुलै

या पंधरवड्यात फक्त बोलणं. वेगळी वेळ काढली नाही. आई भाजी निवडायला बसते तिथे मनूला बसवलं, मीही बसलो. पावट्याच्या शेंगा सोलायच्या, मेथी खुडायची, तांदूळ निवडायचे, पीठ चाळायचं. आई हे शब्द सहज वापरते, मी मात्र सगळ्यालाच ‘साफ करणं’ म्हणायचो. सुपात पाखडताना कोंडा पुढे येतो आणि दाणा मागे राहतो, हे मनूने स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बादलीतलं पाणी हलवून म्हणाली, “मी पाखडते.”

मी एकच नियम पाळला: ती बोलली की मनात पाच मोजायचे, मगच आपण बोलायचं. पहिले दोन दिवस हे फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी कळलं, पाचपैकी तिसऱ्या-चौथ्या आकड्याला ती स्वतःच पुढचं सांगते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, पानं, बिया वापरून त्यांनी आदिवासी मुलांना शिकवलं, हे झेरॉक्सला येणाऱ्या त्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं. मग आईने डब्यातले चिंचोके आणि सागरगोटे काढून दिले.

११ ऑगस्ट

पुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. वाचनाचे चार स्तर दिलेले असतात. पहिल्या स्तरातली एक गोष्ट दुकानातच रंगीत छापली: १४ पानं, पानाला १२ रुपये, १६८ झाले. एवढ्यात छापील पातळ पुस्तकं दोन-तीन येतात! शिवाय सुट्या पानांना पिन मारलेलं पुस्तक तीन दिवसांत सुटलं. आता त्या गोष्टी मोबाइलवर आधी मीच वाचून पाहतो, आवडलेल्या मनात ठेवतो आणि रात्री दिवा बंद केल्यावर पुस्तकाशिवाय सांगतो. हातात द्यायला छापील पुस्तकंच विकत घेतो. आजवर ११ पुस्तकं झाली, ६४० रुपये.

वाचून दाखवताना माझी चूक अशी: पानागणिक प्रश्न. इथे कोण आहे? किती बदकं? तिने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर प्रश्न बंद. नुसतं वाचायचं, बोट ओळीखालून फिरवायचं, ती थांबवेल तिथे थांबायचं. एकच पुस्तक सलग नऊ रात्री मागितलं. सहाव्या रात्री मी एक शब्द गाळला तर तिने तो भरला. नवव्या रात्री आज्जीला तिने स्वतः ‘वाचून’ दाखवलं, पानं उलटत, माझ्याच आवाजात.

मनूची आई रात्रपाळीला असते तेव्हा निघण्यापूर्वी दहा मिनिटं वाचते. तिचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं आहे, ती घाई करत नाही.

२५ ऑगस्ट

आवाजांचे खेळ. कागद-पेन काही नाही. शब्दाचे तुकडे टाळीवर: चि-म-णी, तीन टाळ्या आणि तीन चिंचोके. को-थिं-बी-र ला तिने आधी तीनच टाळ्या दिल्या, शेवटचा ‘र’ ‘बी’लाच चिकटवला. बोलताना तो तसाच चिकटलेला असतो, म्हणून तिला चूक म्हटलं नाही.

मग सूप घेतलं. त्यात एका आवाजाने सुरू होणाऱ्या वस्तू वेगळ्या ठेवायच्या. मी ‘च’च्या वस्तू दिल्या: चमचा, चाळणी, चिमटा, चिंचोका. मनूने चमचा आणि चाळणी एकीकडे ठेवली, चिमटा आणि चिंचोका दुसरीकडे. मी म्हणालो, चुकलं, सगळे च चेच आहेत. ती हटून बसली. मग चारही शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिले. चमच्याचा च जीभ दातांमागे टेकवून येतो, चिमट्याचा टाळूपाशी. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, म्हणून मला दोन आवाज ऐकूच येत नव्हते. तिला येत होते. तिला तसं सांगितलं: तू ठेवलंस ते बरोबर आहे, माझंच चुकलं. ज आणि झ चंही असंच आहे (जायफळ आणि जिरे म्हणून बघा), त्यामुळे ही तिन्ही अक्षरं सुरुवातीला घ्यायची नाहीत असं ठरवलं.

१२ सप्टेंबर

आज गौरी गेल्या. हे तीन दिवस घर भरलेलं होतं. संध्याकाळी मनू आत्याला काहीतरी घडाघडा सांगत होती. सहज दुकानातली दोनशे पानी वही घेतली आणि ती बोलेल तसं मोठ्या अक्षरात लिहिलं:

गौरीला शेपूची भाजी दिली.
गौर जेवली नाही.
मी जेवली.

वाचून दाखवलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. “मी बोलले ते इथं गेलं?” असं विचारलं. मग वही घेऊन पाहुण्यांमध्ये फिरली, प्रत्येकाला तीन ओळी म्हणून दाखवल्या.

जवळजवळ तीन महिने मी जे शोधत होतो ते इथे होतं. लिहिलेलं म्हणजे बोललेलं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. पुस्तकातले शब्द दुसऱ्या कुणाचे असतात, हे तिचे स्वतःचे होते.

२२ सप्टेंबर

वही रोज. दिवसाला एक पान, दोन ते चार ओळी, खाली ती चित्र काढते. चार मिनिटांचं काम. दुकानातून उशीर झाला तर आई लिहिते. आई चौथी शिकलेली आहे. सुरुवातीला म्हणाली, “माझं अक्षर लई वाईट हाय, पोरीचं बिघडंल.” तिचं अक्षर माझ्यापेक्षा गोल आणि स्वच्छ आहे.

एक अडचण आली. पहिल्या पानावर मनू बोट ठेवत म्हणते, “गौर... जेवली... न्हाई.” ती ‘न्हाई’च म्हणाली होती. ‘नाही’ मी केलं होतं, हात आपोआप तसा गेला. नंतरच्या पानांवरही मी ‘व्हय’चं ‘हो’ आणि ‘कुटं’चं ‘कुठे’ केलंय. एका पानावर ती अडली: “हितं ‘कुटं’ कुटं लिवलंय?”

मनूच्या आईचं म्हणणं, शुद्धच लिहायला हवं, नाहीतर शाळेत हसतील. माझंही तेच मत होतं. पण बोट ज्या शब्दावर आहे तोच शब्द तोंडात नसेल तर वाचन कळणार कसं? दोन दिवस आमचं यावर चाललं. ठरलं ते असं: वहीत मनू बोलेल तसं, पुस्तकात पुस्तकाप्रमाणे. पहिल्या पानावरचं ‘नाही’ खोडून तिच्यासमोर ‘न्हाई’ केलं.

६ ऑक्टोबर

आता अक्षरं. त्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी सांगितलं की फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता गटाने घेतात, लगेच शब्द होतील अशी. मी माझा गट केला: म, न, क, ल, स, र आणि काना. तिचं नाव मनू, म्हणून ‘नू’ तेवढं अपवाद.

दुकानात कार्डं छापली आणि लॅमिनेट केली, २४० रुपये. घरी आणली तर आई म्हणाली, हा ल कुठला? संगणकावर मजकुराची भाषा हिंदी लावलेली होती, त्यामुळे ल हिंदी वळणाचा, उभ्या दांडीचा आला होता. मराठीत आपण पाकळीचा ल लिहितो. आईच्या हातचा वहीतला ल वेगळा आणि कार्डावरचा वेगळा, मनूला ती दोन अक्षरं वाटली. डीटीपी हाच माझा धंदा, तरी हे माझ्या नजरेतून सुटलं.

घरी छापणाऱ्यांनी एवढं पाहा: बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये ल चे दोन्ही आकार असतात. मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ केली की पाकळीचा ल येतो. नाही आला तर फॉन्ट बदला.

नवी कार्डं छापलीच नाहीत. दुकानात उरलेल्या लग्नपत्रिकांचे जाड कागद होते, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आईने स्केचपेनने लिहिलं. खर्च शून्य.

२० ऑक्टोबर

अक्षरं लवकर ओळखली, तक्त्याच्या वेळेसारखा त्रास झाला नाही. पण शब्द होईना. ‘कमल’ मांडलं. ती म्हणते क, म, ल. मी म्हणतो, जोडून म्हण. ती जोरात म्हणते क! म! ल! पाच दिवस यात गेले.

मग लक्षात आलं. अक्षर सुटं म्हणताना आपण ‘ल’मधला अ पुरा उच्चारतो, शब्दाच्या शेवटी मात्र तो गिळतो. ‘कमल’ म्हणताना शेवटी ‘ल्’च ऐकू येतो. तिला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगून कळणारही नाही. म्हणून शेवटी काना असलेले शब्द घेतले: मामा, काका, नाना, मासा. इथे जसं म्हणतो तसंच ऐकू येतं. ‘मा’ आणि ‘मा’ शेजारी ठेवले, तिने दोनदा म्हटलं आणि थांबली. मग ओरडली, “मामा!” आणि फोन मागितला, मामाला सांगायला.

पुढे मका, मला, नाला, मसाला. आणि पहिलं वाक्य, कार्डांनी जमिनीवर मांडलेलं: मामा, मला मका. मामाने खरंच कणसं आणली.

१० नोव्हेंबर

दिवाळी. बारा दिवस मामाच्या गावी, वही घरीच राहिली. आल्यावर वाटलं सगळं विसरली असेल. काही विसरली नाही. उलट वहीची सात पानं एका दिवसात भरली, किल्ला, भुईचक्र, म्हशीचं रेडकू.

२४ नोव्हेंबर

‘नाक’ आणि ‘कान’. आता शेवटचा अ गिळणारे शब्द घेतले, ‘मामा’ पक्का झाल्यावर ते जड गेले नाहीत. पण ‘कान’ला ती ‘नाक’ म्हणते आणि नाकाला हात लावते. मला वाटलं अक्षरं विसरली. एकेक विचारलं तर दोन्ही बरोबर. ती उजवीकडून सुरुवात करत होती. वाचन डावीकडून असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मी गृहीत धरलं होतं. शब्द मांडायच्या पट्टीच्या डाव्या टोकाला कुंकवाचा ठिपका लावला: गाडी इथून सुटते. चार दिवसांत सुटलं. आठवड्याने ठिपका काढला.

१५ डिसेंबर

शाळेत पालकसभा झाली. वर्गाच्या बाई म्हणाल्या, मनू मराठीत फार बोलते, घरी इंग्रजी बोला. मनूची आई आणि मी गाडीवर घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. खरंच तिचं नुकसान करतोय का, असं दोघांच्याही मनात होतं.

रात्री वही काढली. ८३ पानं. पहिल्या पानावर तीन ओळी आहेत, गेल्या आठवड्यातल्या पानावर ‘म्हणून’ आणि ‘तरीपण’ आलंय: “मांजर आज्जीला घाबरतं तरीपण तिच्याचजवळ झोपतं.” आमच्या मोडक्या इंग्रजीत हे वाक्य तिला आम्ही देऊ शकलो नसतो. शाळेतल्या इंग्रजी गोष्टीही ती घरी मराठीत सांगते, म्हणजे तिथलं तिला समजतंय. घरात मराठीच ठेवायची ठरली. बाईंना वही नेऊन दाखवली. त्यांनी चाळली, घरी न्यायला मागितली, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

१२ जानेवारी २०२५

लिहिणं. पेन्सिल मी मुद्दाम दिली नव्हती, जुलैमधल्या तक्त्यापाशीच्या रडण्यामुळे. परातीत तांदळाचं पीठ पसरून बोटाने, आणि अंगणात आज्जीबरोबर रांगोळीच्या ठिपक्यांनी, एवढंच चालू होतं. आज तिने स्वतः स्केचपेन घेतलं आणि तिळगुळाच्या डब्यावर ‘मामा’ लिहिलं. एक म आरशात दिसतो तसा उलटा. या वयात हे होतच असतं. खोडलं नाही, डबा तसाच मामाला जाणार.

९ फेब्रुवारी

दुसरा गट चालू आहे: प, त, ब, द, ग आणि मात्रा. अडलंय ते पहिल्या वेलांटीवर. लिहिताना ती अक्षराच्या आधी, म्हणताना नंतर. ‘गि’ला मनू ‘इग’ वाचते, आणि कुंकवाच्या ठिपक्याने मीच तिला डावीकडून सुरुवात करायला शिकवलंय. तीन आठवडे गेले. पट्टीवर वेलांटी लाल रंगात काढून पाहिली, फरक नाही. आता वेलांटी आणि अक्षर एकाच कार्डावर काढून आख्खी ‘गि’, ‘मि’, ‘नि’ ओळखायला देतोय, सुटे तुकडे दाखवतच नाही. कालपासून थोडं जमतंय. दुसरी वेलांटी आधी घेतली असती तर बरं झालं असतं, ती बोलतो तशीच नंतर येते. हे करणाऱ्यांनी ‘की’, ‘नी’ आधी घ्या.

पुस्तकात ‘नाही’ आलं की मनू ‘नाही’ वाचते. परवा आज्जीला सांगत होती, “पुस्तकाचं ‘नाही’ असतं, आपलं ‘न्हाई’.” मनूच्या आईने ते आतून ऐकलं.

खर्च आजवर: तक्ता ६०, ॲप ३९९, चुकलेली कार्डं २४०, रंगीत छपाई १६८, पुस्तकं ६४०, दोन वह्या ९०. एकूण १५९७. पहिले चार, म्हणजे ८६७ रुपये, वाया गेले. वेळ वाया गेला तो जून-जुलैमधला एक महिना आणि ‘कमल’चे पाच दिवस.

दुसरी वही आजपासून सुरू केली. पहिल्या पानावर ओळी मी लिहायच्या आधी तिने वरच्या कोपऱ्यात स्वतः ‘मनू’ लिहिलं. ऊकार अक्षराच्या डोक्यावर गेलाय.